मिस्त्री लावणीला गेले तरी कास्टिंग बिघडू नये: फाउंड्रीतलं ज्ञान धरून ठेवण्याची आणि त्यातून नवं काढण्याची पद्धत

जुलै लागला की बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छेतल्या फाउंड्र्यांवर (धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यांवर) दोन गोष्टी एकदम येतात. हवेत ओल चढते, कोअर (कास्टिंगमधली पोकळी राखणारे वाळूचे गाभे) दमट होतात, ब्लो होल (वायूमुळे पडणारी भोकं) वाढतात. आणि त्याच पंधरवड्यात येळ्ळूर, किणये, खानापूरकडचे जुने मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे (मोल्ड) करणारे मिस्त्री, भाताच्या लावणीला गावी जातात. वाळू मुठीत धरून ‘आज पाणी जास्त झालंय’ असं सांगणारा माणूस ज्या महिन्यात सगळ्यात जास्त हवा, त्याच महिन्यात तो शेतात असतो. मग महिनाअखेरीला रिजेक्शनचा ढीग बघून आपण पावसाला दोष देतो. पाऊस दरवर्षी येतो. खरी अडचण ही की मिस्त्रींना जे कळतं ते कारखान्यात दुसऱ्या कोणाला कळत नाही.

इंडक्शन भट्टी कर्ज काढून कोणालाही घेता येते, स्पेक्ट्रोमीटरही. शिरोली (कोल्हापूर), राजकोट, कोइमतूरच्या फाउंड्र्या त्याच विक्रेत्यांकडून तीच यंत्रं घेतात. तेव्हा ग्राहकाने तुमच्याकडेच का यावं, याचं टिकाऊ उत्तर यंत्रांत मिळत नाही. आपलं कास्टिंग नेमकं कशाने बिघडतं आणि कशाने सुधारतं, हे तुम्हाला किती नक्की माहीत आहे आणि तुमच्याकडे किती जणांना माहीत आहे, यात ते मिळतं. ही माहिती बाजारात विकत मिळत नाही, म्हणूनच तिला किंमत आहे.

खालची पद्धत वीस ते साठ माणसांच्या ग्रे आयर्न (साधं ओतीव लोखंड) किंवा एसजी आयर्न (मॅग्नेशियम देऊन चिवट केलेलं ओतीव लोखंड) फाउंड्रीसाठी लिहिली आहे. सॉफ्टवेअर लागत नाही. एक वही, एक मॉइश्चर मीटर, एक इमर्शन पायरोमीटर (वितळलेल्या धातूत बुडवून तापमान मोजायचं साधन), आणि मालकाचे आठवड्यातले दोन तास लागतात. हे दोन तास खरोखर मालकाचेच हवेत. क्वालिटीच्या पोराकडे सोपवलं की त्याची ऑडिटची फाइल होते.

आधी बघा, कोणतं ज्ञान एकाच डोक्यात आहे

एका मोठ्या कागदावर डावीकडे कामं लिहा: चार्ज (भट्टीत घालायचं मिश्रण) बनवणं, वाळू मिसळणं, कोअर करणं, मोल्ड बंद करणं, टॅपिंग (भट्टीतून रस, म्हणजे वितळलेला धातू, काढणं), मॅग्नेशियम ट्रीटमेंट, ओतणं, पॅटर्नची (वाळूत साचा उठवायच्या नमुन्याची) दुरुस्ती, नव्या पॅटर्नचं गेटिंग (रस साच्यात नेणाऱ्या वाटा) ठरवणं, डिफेक्ट ओळखणं. वर माणसांची नावं. जो माणूस ते काम कोणी शेजारी नसताना करू शकतो, त्याच्या चौकोनात खूण करा. ‘थोडंफार येतं’ याला खूण नाही. ज्या ओळीत एकच खूण राहील ती लाल पेनने गोल करा. बहुतेक ठिकाणी तीन-चार ओळी लाल होतात, आणि त्यांतल्या दोन एकाच माणसाच्या निघतात.

मग लाल ओळींपुढे दोन प्रश्न लिहा. हा माणूस दहा दिवस आला नाही तर काय थांबेल? आणि काय बिघडेल? थांबणारं काम लगेच दिसतं, त्यावर आपण काहीतरी मार्ग काढतोच. बिघडणारं काम दिसत नाही. ते तीन आठवड्यांनी ग्राहकाच्या मशिन शॉपमधून परत येतं. सुरुवात बिघडणाऱ्या कामापासून करा.

हीट नंबर नसेल तर सगळी नुसती मतं

ज्ञान धरायचं तर आधी खरं काय घडलं ते धरावं लागतं. प्रत्येक कास्टिंगवर तारीख आणि हीटचा (भट्टीत एकदा वितळवलेल्या घाण्याचा) कोड उमटला पाहिजे. पॅटर्नवर बदलता येणारा छोटा टॅग बसवला तरी पुरतो. त्याशिवाय ‘मंगळवारचा माल खराब होता’ यापलीकडे कोणाला काही सांगता येत नाही.

रजिस्टरमध्ये फार रकाने नकोत. हीट नंबर, वाळूची ओल आणि कॉम्पॅक्टिबिलिटी (दाबल्यावर वाळू किती बसते ते), पहिल्या आणि शेवटच्या मोल्डचं ओतण्याचं तापमान, मोल्डरची जोडी, मोल्ड बंद केल्याची वेळ, ओतल्याची वेळ, आणि डिफेक्टचा कोड. शेवटच्या मोल्डचं तापमान लिहायचा कंटाळा केला जातो, आणि नेमकं तिथेच कोल्ड शट (रस गार पडून नीट न जुळलेला सांधा) दडलेला असतो. लेडल (रस ओतायचं भांडं) भरताना १४२० अंश सेल्सिअस असलेला रस दहाव्या मोल्डपर्यंत किती उतरतो हे मोजलंच नाही, तर पातळ भिंतीच्या जॉबचे शेवटचे दोन नग का जातात ते कधीच कळणार नाही.

डिफेक्टचे कोड आठ पुरेत. तीस कोड दिले की इन्स्पेक्टर सगळ्याला ‘ब्लो होल’ लिहून मोकळा होतो. हा ‘ब्लो होल’ शब्द आपल्याकडे फार नुकसान करतो. वायूमुळे झालेलं भोक आतून गुळगुळीत आणि गोलसर असतं. श्रिंकेज (थिजताना धातू आकसून पडणारी पोकळी) आतून खरखरीत, दाणेदार असतं आणि जाड भागात किंवा दोन भिंती मिळतात तिथे सापडतं. सँड इन्क्लुजनचा खड्डा वेडावाकडा असतो, त्यात वाळूचे कण अडकलेले दिसतात. स्लॅग (रसावरची मळी) बहुतेक वरच्या बॉक्सच्या बाजूला येतो. सगळ्यांचे उपाय वेगळे, कधी तर उलटे. ओतण्याचं तापमान वाढवलं तर कोल्ड शट कमी होईल, पण श्रिंकेज वाढू शकेल. चुकीच्या नावावर केलेला उपाय म्हणजे दुसऱ्याच आजाराचं औषध.

म्हणून एक फळी करा. प्रत्येक डिफेक्टचा खरा नमुना घ्या, बँडसॉवर मधोमध कापा, घासून गुळगुळीत करा, फळीवर तारेने बांधा आणि खाली नाव लिहा. फळी इन्स्पेक्शन टेबलाशेजारी, खांद्याच्या उंचीवर, नीट उजेडात लावा. फोटो चालणार नाही. भोकात बोट घालून गुळगुळीत की खरखरीत हे कळलं पाहिजे. नव्या पोराला डिफेक्ट ओळखायला शिकवण्याचा याहून लवकरचा मार्ग नाही.

रिजेक्शन नेहमी किलोत आणि वितळवलेल्या रसात मोजा. समजा महिन्याला २० टन कास्टिंग काढता आणि ६ टक्के जातं. म्हणजे १,२०० किलो माल गेला. उतारा (वितळवलेल्या रसातला कास्टिंगचा वाटा) ६५ टक्के धरला, तर तेवढ्या मालासाठी सुमारे १,८५० किलो रस वितळवला होता. टनाला ६०० युनिट वीज धरली तर १,१०० युनिट पाण्यात. धातू परत भट्टीत जातो म्हणून ‘फारसं नुकसान नाही’ असं वाटतं. पण वीज, वाळू, मजुरी आणि भट्टीचा वेळ परत येत नाही. त्यात मशिनिंग झाल्यावर दोष सापडला तर ग्राहकाची मजुरीही तुमच्या अंगावर येते.

मिस्त्रींच्या हातातलं कागदावर आणणं

हा सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मोलाचा भाग आहे. हाताला कळतं पण तोंडाने सांगता येत नाही, अशा ज्ञानाकडे मायकेल पोलान्यी यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर लक्ष वेधलं. जपानचे इकुजिरो नोनाका यांनी १९९१ मध्ये दाखवलं की कंपन्यांचं नवं उत्पादन याच ज्ञानातून निघतं. त्यांचं गाजलेलं उदाहरण मात्सुशिता कंपनीच्या ब्रेड करणाऱ्या यंत्राचं. यंत्राने मळलेलं पीठ नीट होईना, तेव्हा कंपनीतली एक डेव्हलपर ओसाकातल्या एका हॉटेलच्या मुख्य बेकरच्या हाताखाली शिकायला गेली. तो पीठ ओढता ओढता पिळ देतो, हे तिला तिथे दिसलं. तोच पिळ इंजिनिअरांनी यंत्रात उतरवला. बेकरला नुसतं विचारून ते कळलं नसतं, कारण आपण पिळ देतो हे सांगण्यासारखं आहे असं त्यालाही वाटलं नसतं.

आपल्या मिस्त्रींचंही तसंच. ‘वाळू कशी ओळखता?’ असं विचारलं तर उत्तर येतं, ‘अंदाजाने.’ ते काही लपवत नाहीत. त्यांना खरोखर तेवढंच सांगता येतं. म्हणून प्रश्न बदला. एका ठरावीक बिघडलेल्या हीटबद्दल विचारा: त्या दिवशी तुम्ही वाळू परत का पाठवली? कशावरून कळलं? हाताला काय लागलं? मग तीन वेगवेगळ्या दिवशी शेजारी उभं राहून बघा, आणि पहिल्या दिवशी काहीही लिहू नका.

मूठ दाबल्यावर गोळ्यावर बोटांचे ठसे स्वच्छ उमटतात का, गोळा मोडल्यावर कडा धारदार राहतात का, तळहाताला वाळू चिकटते का: या तीन गोष्टी बहुतेक मोल्डर बघतात. चिकटली तर पाणी जास्त. कडा भुसभुशीत पडल्या तर पाणी कमी, किंवा बेंटोनाइट (वाळू बांधून धरणारी माती) मेलेलं. हे दोन वेगळे कसे ओळखायचे, ते विचारलंत तर तिथेच खरी खुबी निघते. बऱ्याचदा ते थोडं पाणी शिंपडून, दोन मिनिटं मिसळून पुन्हा मूठ दाबतात. तरीही भुसभुशीत राहिली तर दोष पाण्याचा नाही.

आता मुठीला आकड्याची जोड द्या. तीस दिवस, दिवसातून तीनदा, मिस्त्रींनी मुठीने ‘कोरडी’, ‘बरोबर’ किंवा ‘ओली’ सांगायचं आणि त्याच वाळूची ओल मीटरवर मोजायची. मीटरचा आकडा मिस्त्रींना आधी दाखवायचा नाही, नाहीतर मूठ आकड्यामागे जाते. ग्रीन सँडला (बेंटोनाइट आणि पाणी घातलेल्या मोल्डच्या वाळूला) साधारण ३ ते ४ टक्के ओल चालते, पण तुमच्या वाळूची, तुमच्या बेंटोनाइटची ‘बरोबर’ची पट्टी त्याहून अरुंद असते. नव्वद नोंदींतून ती दिसते. जिथे मूठ आणि मीटर यांचं पटत नाही त्या नोंदी खोडू नका. तिथे बहुतेक परतीची वाळू गरम असते. ४५ अंशांच्या वर गेलेली वाळू थंड पॅटर्नला लागली की वाफ धरते आणि चिकटते. मीटर ओल बरोबर दाखवतो, आणि मूठ नको म्हणते. मूठ खरी असते.

या नोंदी घ्यायला शेवटच्या सेमिस्टरची इंजिनिअरिंगची मुलं चांगली. गोगटे इन्स्टिट्यूट तर उद्यमबागेतच आहे. त्यांना ‘अ‍ॅप बनवा’ सांगू नका. तीस दिवस मोजायला आणि कास्टिंग कापायला सांगा.

गुऱ्हाळात हीच गोष्ट चालते. गुळव्या पाक पाण्यात टाकून गोळीवरून काहिली उतरवायची वेळ ठरवतो, आणि थर्मामीटर लावला तर ती वेळ ११६ ते ११८ अंशांच्या आसपास येते. कुंद्याचा रंग ओळखणारा आचारी, तंबाखूची प्रत हाताने ठरवणारा निपाणीचा जाणकार, यांच्याकडेही हीच पद्धत चालेल: निर्णय आणि मोजमाप एकाच वेळी, एकाच मालावर.

पान कसं लिहायचं

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत नवख्या कामगारांना झटपट शिकवण्यासाठी पायरी आणि खुबी अशा दोन रकान्यांचं पान वापरलं गेलं. नंतर जपानी कारखान्यांनी ते आपलंसं केलं. पुढे त्याला कारणाचा तिसरा रकाना जोडला गेला: पायरी, खुबी, कारण. कारणाचा रकाना सोडला की पान मरतं, कारण परिस्थिती बदलली तेव्हा काय करायचं हे कारणच सांगतं. नमुना म्हणून एक पान:

काम: पावसाळ्यात सीओटू कोअर (सिलिकेट मिसळून कार्बन डायऑक्साइडने कडक केलेला) बसवून मोल्ड बंद करणं (ग्रे आयर्न)

पायरी १: कोअर तपासा. खुबी: नखाने ओरखडा काढा, पावडर पडली तर बाजूला ठेवा. कारण: दमट हवेत सिलिकेटचा कोअर मऊ पडतो, ओतताना झिजतो आणि वाळू आत जाते.

पायरी २: कालचा कोअर असेल तर ओव्हनमध्ये १२० अंशांच्या आसपास तासभर ठेवा आणि कोमट असतानाच बसवा. कारण: गार होऊन पडून राहिला तर पुन्हा ओल धरतो.

पायरी ३: व्हेंटमधून (वायू जायच्या भोकातून) तार आरपार घाला. खुबी: कोअर प्रिंटपर्यंत मोकळी गेली पाहिजे, आणि पेस्ट लावताना व्हेंट बुजवू नका. कारण: वायूला बाहेरची वाट मिळाली नाही तर तो रसात शिरतो.

पायरी ४: चॅपलेट (कोअरला आधार देणारे धातूचे तुकडे) आणि चिल (रस लवकर थिजावा म्हणून मोल्डमध्ये ठेवायचे धातूचे तुकडे) हाताने पुसून बघा. खुबी: गंज किंवा दव दिसलं तर वापरू नका, डबा भट्टीजवळच्या रॅकवर ठेवा. कारण: गंज आणि पाणी दोन्ही रसात वायू सोडतात. त्या जागेचा ब्लो कोअरच्या नावावर जातो.

पायरी ५: मोल्डवर खडूने बंद केल्याची वेळ लिहा, दोन तासांच्या आत ओता. कारण: बंद मोल्डमध्ये थंड चिलवर ओल जमते.

पानाच्या तळाशी तीन गोष्टी: हे कोणी सांगितलं, शेवटचं कधी तपासलं, आणि कोणत्या जॉबला लागू नाही. ‘लागू नाही’ ही ओळ मिस्त्रींना मुद्दाम विचारा. अपवादच त्यांचा अनुभव असतो.

भाषेचं बघा. उद्यमबागेतल्या एका शिफ्टमध्ये मराठी, कानडी आणि हिंदी बोलणारी माणसं शेजारी-शेजारी उभी असतात. पान तिन्ही भाषांत हवं, आणि फोनवरून भाषांतर करून चालणार नाही. फोन वाळूला कानडीत ‘मरळु’ म्हणेल. बैलहोंगलचा माणूस ‘उसुकु’ म्हणतो. उत्तरेकडून आलेला ‘बालू’ म्हणतो. जो पान वापरणार त्याच्याच तोंडचा शब्द लिहा, तोही त्यालाच विचारून. रनर, राइजर, कोअर, लेडल हे शब्द तिन्ही भाषांत तेच आहेत, त्यांना हात लावू नका. ज्यांना वाचायला जड जातं त्यांच्यासाठी साठ ते नव्वद सेकंदांचा व्हिडिओ काढा. तो हाताच्या जवळून, एकाच पायरीचा असावा. त्याचा क्यूआर कोड त्याच जागेवर चिकटवा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेली सूचना दुसऱ्या दिवशी शुभेच्छांखाली गाडली जाते, तो तुमचा संग्रह होऊ शकत नाही.

पान खरं ठरलं की नाही याची एकच परीक्षा आहे. ज्याने ते काम कधी केलेलं नाही त्याच्या हातात पान द्या. मिस्त्रींनी हात मागे बांधून शेजारी उभं राहायचं. जिथे ते न राहवून बोलतील तिथे पानात काहीतरी राहिलंय, ते तिथेच लिहून घ्या. पाच हीट न बोलता निघाल्या की पान पक्कं.

पहिल्या वर्षी पाचच पानं करा. शंभर पानांची फाइल कोणी उघडत नाही. आयएसओ ९००१:२०१५ च्या ७.१.६ कलमात कामासाठी लागणारं ज्ञान ठरवून जपायला सांगितलंच आहे. ही पाच पानं आणि वापराने मळलेली रजिस्टरं ऑडिटरला दाखवा. कोऱ्या करकरीत फाइलपेक्षा ती जास्त बोलतात.

मिस्त्रींनी का सांगावं?

हा प्रश्न टाळून पुढे गेलेली प्रत्येक खटपट फसते. ज्या माणसाची किंमत त्याच्या एकट्याच्या ज्ञानामुळे आहे, त्याला ते सगळ्यांना द्यायला सांगणं म्हणजे त्याच्या पोटावर हात ठेवणं आहे. त्याची भीती खोटी नाही. म्हणून पान सुरू करण्याआधी, तोंडी नाही तर कागदावर, त्यांना सांगा की यामुळे पगार कमी होणार नाही आणि काम जाणार नाही. शिकवण्याचा वेगळा भत्ता ठरवा, आणि तो शिकाऊ माणूस परीक्षा पास झाला की द्या. पानावर त्यांचं नाव ठेवा. साठीला आलेल्या मिस्त्रींना आठवड्यातून दोन दिवस फक्त बघायला आणि सांगायला बोलावता येतं. ते पैसे कमी झालेल्या रिजेक्शनमधून निघतात. सन्मान मिळाला की जुनी माणसं हातचं राखत नाहीत. बहुतेकांना आजवर कोणी नीट विचारलेलंच नसतं.

जे कळलं त्यातून नवं काढणं

नवीन म्हणजे दर वेळी नवं उत्पादन असं नाही. राइजर (धातू आकसताना जादा रस पुरवणारा साठा) हलवला, गेट बदललं, इनॉक्युलंट (लोखंडाची घडण सुधारायला रसात घालायची मिश्रधातूची भुकटी) लेडलऐवजी ओतताना धारेत दिलं, हेही नवंच. पण बदल खरोखर लागू पडला की योगायोग होता, हे कळायला शिस्त लागते.

एका वेळी एकच गोष्ट बदला. जुन्या आणि नव्या पद्धतीचे मोल्ड त्याच हीटमध्ये, आलटून-पालटून ओता. काल जुनी, आज नवी असं केलं तर हवा, वाळू आणि चार्ज यांचा फरक मध्ये येतो. आणि नग पुरेसे घ्या. ज्या जॉबचं रिजेक्शन ६ टक्के आहे, त्याचे २० नग जुन्याच पद्धतीने काढले तरी साधारण दहातून तीनदा त्यांत एकही खराब निघणार नाही. म्हणजे ‘वीस नग काढले, सगळे चांगले’ यावरून काहीच सिद्ध होत नाही. सलग ५० चांगले निघाले तर गोष्ट वेगळी, योगायोगाने तसं होण्याची शक्यता ५ टक्क्यांच्या आत येते. फाउंड्रीत कित्येक चांगले बदल वीस नगांवर स्वीकारले जातात आणि पुढच्या महिन्यात ‘ते काही खरं नव्हतं’ म्हणून सोडले जातात. त्यातले काही खरे होते, हे दुःख आहे.

फसलेला प्रयोगही लिहा. एका ओळीत: काय बदललं, किती नग, काय झालं. नाहीतर तीन वर्षांनी नवा सुपरवायझर तोच प्रयोग पुन्हा करतो.

बेळगावला एक सोय आहे जी फार थोड्या ठिकाणी मिळते. फाउंड्री, मशिन शॉप आणि हायड्रॉलिक्सचे कारखाने एकमेकांना खेटून आहेत. ग्राहकाच्या लेथवर टूल तुटलं तर दहा मिनिटांत तिथे जाऊन बघता येतं. या दहा मिनिटांचा उपयोग करा. महिन्यातून एकदा भट्टीवरचा माणूस आणि मोल्डर, दोघांना ग्राहकाच्या मशिनसमोर उभं करा. पातळ कडेला टूल घासतंय म्हणजे तिथे लोखंड पांढरं आणि कडक झालंय (यालाही चिल म्हणतात). कार्बन इक्विव्हॅलंट (मुख्यतः रसातलं कार्बन आणि सिलिकॉनचं प्रमाण) किंवा इनॉक्युलेशन कमी पडतंय हे त्यांना तिथे डोळ्यांनी दिसतं. उलट बाजूने, मशिनिंगला ३ मिलिमीटर ठेवलंय तिथे २ पुरेल का, कोपऱ्याला रेडियस वाढवला तर श्रिंकेज जाईल का, हे तुम्ही ग्राहकाला सुचवू शकता. ड्रॉइंग येईल तसं ओतून देणाऱ्याला किलोवर भाव मिळतो. ड्रॉइंग सुधारून देणाऱ्याशी भावाची घासाघीस वेगळ्या पातळीवर होते. हायड्रॉलिकच्या व्हॉल्व्ह बॉडीत तर हे फार खरं आहे. दाबाखाली झिरपणार नाही आणि आतल्या वाटांत वाळू राहणार नाही अशी बॉडी दरवेळी देणं थोड्यांनाच जमतं.

दुसरा फायदा कोटेशनच्या वेगात आहे. प्रत्येक जॉबचं एक कार्ड ठेवा: वजन, सगळ्यात जाड आणि सगळ्यात पातळ भिंत, ग्रेड, गेटिंगचा फोटो, उतारा, पहिल्या शंभर नगांतलं रिजेक्शन, शेवटी कशाने सुटलं. नवी चौकशी आली की त्याच्यासारखी तीन जुनी कार्डं काढा. भाव अंदाजाने न लावता अनुभवाने लागतो, आणि पहिलं सँपल पास होण्याची शक्यता वाढते.

काय जपायचं, काय सांगायचं

कामगार सोडून शिरोलीला गेला तर त्याला अडवता येत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे ‘इथून गेल्यावर स्पर्धकाकडे काम करणार नाही’ असा करार टिकत नाही. गुप्ततेचा करार करता येतो, तो नेमका लिहा: कोणते चार्जचे आकडे, कोणते ग्राहकांचे ड्रॉइंग. पण करारापेक्षा जास्त उपयोग होतो तो ज्ञान एकाच माणसात न ठेवण्याचा. चौघांना येत असलं की एक गेल्याने कारखाना रिकामा होत नाही.

पॅटर्न बहुतेक ग्राहकाचा असतो, आणि तुम्ही महिनाभर डोकं लावून ठरवलेलं गेटिंग त्याच प्लेटवर बसवलेलं असतं. ग्राहकाने पॅटर्न दुसरीकडे नेला की तेही गेलं. म्हणून ऑर्डर घेतानाच लिहून ठरवा की गेटिंग आणि राइजरचे तुकडे तुमचे आहेत आणि पॅटर्न परत देताना ते काढून घेतले जातील. आणि नसलं जमलं तरी घाबरू नका. वाळूची पट्टी, ओतण्याचं तापमान, ट्रीटमेंटपासून शेवटच्या मोल्डपर्यंतची मिनिटं प्लेटवर लिहिलेली नसतात. एसजी आयर्नला मॅग्नेशियम ट्रीटमेंटनंतर दहा मिनिटांत ओतून संपवायचं, हे सगळे जाणतात. तुमच्या शॉपमध्ये ते दहा मिनिटांत बसतं कसं, हे फक्त तुमच्याकडे आहे.

यंत्रात किंवा साधनात खरोखर नवं काही काढलंत, तर प्रदर्शनात मांडण्याआधी पेटंटचा तात्पुरता अर्ज करा. छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाची मूळ फी १,६०० रुपये आहे. त्यानंतर पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात, आणि पेटंट अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं चालतं. आधी दाखवलंत आणि मग अर्ज केलात तर ते बहुधा ‘नवं’ राहत नाही. पण वाळू आणि रसाच्या खुब्यांचं पेटंट घेऊ नका. ते घ्यायचं म्हणजे सगळं जाहीर लिहून द्यायचं, आणि दुसरा ते वापरतोय हे तुम्हाला कधीच सिद्ध करता येणार नाही. त्या आत राहिलेल्याच बऱ्या.

केव्हा सुरू करायचं

दिवाळी झाल्यावर. माणसं परत आलेली असतात, हवा कोरडी असते, वाळू स्थिर असते. नोव्हेंबरात माणसांचा तक्ता आणि डिफेक्टची फळी. डिसेंबर-जानेवारीत मूठ आणि मीटरच्या नोंदी. फेब्रुवारी ते एप्रिल पाच पानं आणि त्यांच्या परीक्षा. मे महिन्यात कोअर ओव्हन, चॅपलेटचा रॅक आणि वाळूचं छप्पर बघून घ्या. जूनच्या पहिल्या आठवड्यात पहिला जोराचा पाऊस पडला की त्या दिवशी मुद्दाम मिस्त्रींना सुट्टी द्या, पानं हातात घेऊन एक पूर्ण शिफ्ट काढा, आणि रिजेक्शन त्याच संध्याकाळी मोजा. जे चुकेल ते लावणी सुरू व्हायच्या आत दुरुस्त करायला तेव्हा तीन-चार आठवडे हातात असतात.